नेताजींच्या पाणबुडीची आधीची फेरी

जानेवारी उजाडला की सीमाभागातल्या मराठी शाळांना भाषणांचे वेध लागतात. १७ तारखेला हुतात्मा दिन, २३ ला नेताजी जयंती, २६ ला झेंडावंदन. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांत या दहा दिवसांत हमखास टाळ्या घेणारा एक प्रसंग असतो, तो म्हणजे सुभाषबाबूंचा पाणबुडीतला प्रवास. सहावी-सातवीतला वक्ता मूठ आवळून सांगतो, की इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन नेताजी काबूलमार्गे जर्मनीत गेले आणि तिथून पाणबुडीत बसून थेट जपानला. टाळ्या पडतात, गुरुजी मान डोलावतात आणि भाषण सिंगापूरच्या मैदानावर पोहोचते. पाणबुडी मात्र मागेच राहते. ती कुणाची होती, त्याआधी काय करत होती आणि पुढे तिचे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

विचारायला हवे. कारण प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात नेताजींना घेऊन गेलेल्या आय-२९ या जपानी पाणबुडीनेच पाच महिने आधी, मुंबईहून सुटलेली ‘तिलावा’ नावाची प्रवासी बोट हिंदी महासागरात बुडवली होती. २८० माणसे गेली. प्रवाशांत बहुसंख्य आपलीच, हिंदी माणसे होती. पाणबुडी तीच आणि कप्तानही तोच, जुइची इझू.

यातली एक नोंद आपण पाठ केली आहे आणि दुसरी गाळली आहे. दोन्ही एकत्र सांगायचे धाडस आता करायला हवे, आणि त्याची सुरुवात बेळगावात व्हायला हरकत नाही. का, ते पुढे येईलच. आधी पाणबुडीची हकिगत.

आय-२९ जपानी आरमारात दाखल झाली २७ फेब्रुवारी १९४२ रोजी. लांबी १०८ मीटरहून थोडी जास्त, पाण्यावर असताना वजन अडीच हजार टनांच्या वर, आणि एकदा इंधन भरले की १४ हजार सागरी मैलांची मजल. पुढच्या बाजूला सहा टॉर्पेडो नळ्या, पोटात १७ टॉर्पेडो, डेकवर १४ सेंटिमीटरची तोफ. हे कमी म्हणून की काय, एक छोटे विमानही तिच्यावर असे. पंख काढून ते जलरोधक कोठडीत ठेवायचे, वर आल्यावर जोडायचे आणि रुळावरून हवेत भिरकावायचे. परतल्यावर विमान पाण्यात उतरे आणि क्रेनने उचलून घेतले जाई. मे १९४२ मध्ये हेच विमान सिडनी बंदरावरून घिरट्या घालून गेले. आठवडाभरात सिडनीच्या बंदरात जपानच्या छोट्या पाणबुड्या घुसल्या, त्याची ही पूर्वतयारी.

त्यानंतर तिला हिंदी महासागराकडे पाठवण्यात आले. मलाया आणि सिंगापूर जपानच्या हाती पडले होते आणि पेनांग बेट पाणबुड्यांचा तळ झाले होते. तिथून निघालेल्या पाणबुडीला एडनच्या आखातापर्यंतचा सगळा पट्टा खुला होता. मुंबई, कराची, एडन, मोंबासा, डर्बन या बंदरांतली ये-जा हे तिचे सावज. सप्टेंबर १९४२ या एकाच महिन्यात आय-२९ ने या पाण्यात चार मालवाहू बोटी तळाला धाडल्या. बोट एकटी दिसली, सोबत युद्धनौका नसली, की तिची वेळ भरली असे समजायचे.

‘तिलावा’ अशीच एकटी होती.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट १९२४ सालची, दहा हजार टनांची. मुंबई ते पूर्व आणि दक्षिण आफ्रिका ही तिची नेहमीची फेरी. मोंबासा, डर्बनकडे दुकाने थाटलेली गुजराती कुटुंबे, नोकरीला निघालेले कारकून-कारागीर, नवऱ्याकडे चाललेल्या बायका, कडेवरची पोरे असा तिचा उतारूवर्ग. अशा कंपन्यांच्या बोटींवर काम करणाऱ्यांत रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या असत. कोकणात घरटी एक माणूस बोटीवर असण्याचा तो काळ होता.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी तिलावा मुंबईहून सुटली. बोटीवर ९५८ माणसे: ७३२ उतारू, २२२ कर्मचारी आणि ४ तोफची. मालात २,३६४ विटा चांदी होती. दक्षिण आफ्रिकेने नाणी पाडण्यासाठी विकत घेतलेली ही चांदी भरली साधारण ६० टन. तिसऱ्या रात्री, २३ तारखेला पहाट व्हायच्या आधी, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर पहिला टॉर्पेडो लागला.

पुढे जे घडले ते नुसत्या आकड्यात मावत नाही. झोपेतून उठलेली माणसे अंधारात एकमेकांना तुडवत डेकवर आली. होड्या सोडण्याची घाई झाली, काही उलटल्या, काहींत मावतील त्याहून जास्त माणसे शिरली. पण बोट लगेच बुडाली नाही. ती तरंगते आहे असे पाहून पाण्यात उतरलेल्यांपैकी काही जण परत वर चढले. ही वाचायची संधी आहे असे त्यांना वाटले असणार. मग दुसरा टॉर्पेडो आला आणि तिलावा गेली. वायरलेसवर मदतीची हाक देत बसलेला रेडिओ अधिकारी डंकन जागेवरून उठला नाही. तो बोटीबरोबर गेला, पण त्याची हाक कुणी तरी ऐकली होती. दोन दिवस होड्यांत आणि तराफ्यांवर काढलेल्या माणसांना २५ नोव्हेंबरला एचएमएस बर्मिंगहॅम या युद्धनौकेने उचलले. चार जणांना ‘कार्थेज’ने वाचवले. ६७८ माणसे जिवंत मिळाली. २५२ उतारू आणि २८ कर्मचारी मिळाले नाहीत.

बर्मिंगहॅम वाचलेल्यांना घेऊन दोन दिवसांनी मुंबईला लागली. युद्धकाळातली सेन्सॉरशिप, त्यात बोटी बुडाल्याच्या बातम्या म्हणजे शत्रूला दिलेली माहिती. मुंबई-आफ्रिकेतल्या काही शे घरांत रडारड झाली आणि प्रकरण मिटले.

आता दुसरी नोंद. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीच्या कील बंदरातून यू-१८० ही जर्मन पाणबुडी निघाली. तिच्यात सुभाषचंद्र बोस आणि हैदराबादचे आबिद हसन होते. ‘जय हिंद’ हे अभिवादन रूढ करण्यात ज्यांचा वाटा मानला जातो, तेच हे आबिद हसन. डिझेलचा वास, ओलसर पाव, दिवस आणि रात्र यांचा पत्ता नाही, अशा अवस्थेत दोघांनी अडीच महिने काढले. अटलांटिक उतरून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून पाणबुडी मादागास्करकडच्या समुद्रात आली. ठरलेल्या जागी २६ एप्रिलला समोरून आय-२९ आली. ती पेनांगहून बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी सुमारे दोन टन सोने घेऊन निघाली होती.

भेट झाली, पण समुद्र खवळलेला. दोन्ही पाणबुड्या एकमेकींच्या नजरेत राहून शांत पाण्याच्या शोधात चालत राहिल्या. २८ एप्रिलला दोर टाकून मधे रबरी तराफा सोडण्यात आला आणि लाटांच्या माऱ्यात चिंब भिजत नेताजी आणि आबिद हसन जपानी पाणबुडीवर चढले. दोन वेगवेगळ्या देशांच्या आरमारांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात अशी मुलकी माणसांची अदलाबदल त्या महायुद्धात दुसरीकडे कुठे झाल्याचे माहीत नाही. बदल्यात जपानचे दोन नौदल अधिकारी यू-१८० वर गेले. इझूने आपली केबिन पाहुण्यांना दिली. पेनांगहून निघतानाच हिंदी जेवणाचे मसाले बरोबर घेतले होते, त्यामुळे अडीच महिने जर्मन डब्यांवर काढलेल्या माणसांपुढे तिखट रस्सा आला. दुसऱ्या दिवशी २९ एप्रिल, जपानी सम्राटाचा वाढदिवस. त्या मेजवानीतही दोघे होते. मे महिन्याच्या सुरुवातीला सुमात्राजवळच्या सबांग बंदरात नेताजी उतरले आणि तिथून विमानाने टोकियोला गेले. ऑक्टोबरमध्ये आझाद हिंद सरकार उभे राहिले.

या अदलाबदलीच्या सात आठवडे आधी, ९ मार्चच्या रात्री, गोव्याच्या मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या जर्मन आणि इटालियन बोटी जळाल्या होत्या. कलकत्त्याच्या हौशी घोडेस्वार पलटणीतले मध्यमवयीन गोरे त्या बोटींवर गुपचूप चाल करून आले होते. बेळगावापासून मुरगाव किती लांब आहे? पोर्तुगीज हद्द, इंग्रज हेर, जर्मन बोटी आणि जपानी पाणबुड्या हे सगळे आपल्या घाटाखालीच चालू होते. बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टीही १९४२ सालची, रॉयल एअर फोर्सने पूर्वेकडच्या लढाईच्या तयारीसाठी बांधलेली. आज त्या सांबऱ्याहून विमानाने मुंबई गाठणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

आय-२९ चे पुढे काय झाले? ऑक्टोबर १९४३ मध्ये तिला नवा कप्तान मिळाला, ताकाकाझु किनाशी. वर्षभरापूर्वी अमेरिकेची ‘वास्प’ ही विमानवाहू नौका बुडवून त्याने नाव कमावले होते. त्याने पाणबुडी सिंगापूरहून थेट फ्रान्सच्या लोरियाँ बंदरात, जर्मनांच्या तळावर नेली. ११ मार्च १९४४ ला ती पोहोचली आणि महिनाभराने जर्मन रॉकेट-विमान व जेट-विमानाचे आराखडे घेऊन परत निघाली. १४ जुलैला सिंगापूर. तिथे एक अधिकारी काही कागद घेऊन विमानाने पुढे गेला. पाणबुडी २२ ला जपानकडे निघाली. पण तिच्या मार्गाचा सांकेतिक संदेश अमेरिकनांनी फोडला होता. २६ जुलैला फिलिपिन्सच्या उत्तरेला बालिनतांग सामुद्रधुनीत अमेरिकेच्या ‘सॉफिश’ पाणबुडीचे टॉर्पेडो तिला लागले. तिच्यावरचा एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला.

अडीच वर्षांचे तिचे हे आयुष्य. त्यात आपल्या दृष्टीने दोन तारखा मोठ्या आहेत: २३ नोव्हेंबर १९४२ आणि २८ एप्रिल १९४३. त्यांतली दुसरीच आपल्या तोंडी का राहिली?

एक उत्तर सोपे आहे. तिलावातले मेलेले लोक कुणाच्याच गोष्टीत बसत नव्हते. इंग्रजांच्या लेखी ती युद्धात गमावलेल्या अनेक बोटींपैकी एक. स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या इतिहासाला ती अडचणीची, कारण मारणारा जपान आणि नेताजींना आसरा देणाराही जपान. शिवाय मेलेल्यांची घरे आफ्रिकेत, काठियावाडात, कोकणात विखुरलेली. त्यांचा ना मतदारसंघ, ना संघटना, ना चौक.

दुसरे उत्तर जास्त बोचरे आहे. आपल्याला गोष्ट एकाच बाजूची लागते. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे एकदा ठरले की त्या मित्राच्या वहीची बाकीची पाने उलटायची नाहीत. अंदमानात काय झाले ते पाहा. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, ते आपण अभिमानाने सांगतो. बरोबर महिन्याने, ३० जानेवारी १९४४ ला, त्याच बेटावर होमफ्रेगंज इथे जपान्यांनी हेर असल्याच्या संशयावरून ४४ हिंदी लोकांना गोळ्या घातल्या. त्यांत इंडियन इंडिपेन्डन्स लीगची माणसे होती, म्हणजे नेताजींच्याच बाजूची. हेही सांगताना आपली जीभ अडखळते.

सीमाभागाला हा आजार चांगला ठाऊक आहे, कारण त्याचा त्रास तो स्वतः भोगतो. १ नोव्हेंबर हा बेळगावच्या एका भागात राज्योत्सव असतो आणि दुसऱ्या भागात काळा दिन. तारीख एक, शहर एक, आणि दोन्ही बाजूंची पोरे आपापल्या शाळेत आपापली अर्धी गोष्ट शिकतात. दुसऱ्याने आपली बाजू ऐकून घ्यावी असे ज्याला वाटते, त्याने आपल्या लाडक्या गोष्टीचे उरलेले अर्धेही वाचायची तयारी ठेवली पाहिजे.

बेळगावचा या विषयावर हक्क सांगण्याचे आणखी एक कारण आहे. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र या शहरात आहे. बेळगाव-खानापूरची गावे, निपाणी-चिकोडीचा पट्टा, पलीकडे शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी, आजरा-चंदगड, खाली सावंतवाडी: या सगळ्या टापूतली पोरे कॅम्पातल्या त्या मैदानावर घडली. महायुद्धात ती इंग्रजांच्या झेंड्याखाली लढली. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरातल्या सांगशाकला मराठ्यांची चौथी बटालियन कोहिमाकडे निघालेल्या जपानी सैन्यापुढे उभी ठाकली. २२ ते २६ मार्च अशी ती लढाई चालली. पाण्याचे हाल, अन्नाचे हाल, आणि दोन्हीकडे मुडद्यांचा खच. आय-२९ बुडाली त्याच जुलै महिन्यात इटलीत नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणि समोरच्या बाजूला? आझाद हिंद फौजेच्या वरिष्ठांपैकी एक होते मेजर जनरल जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीजवळच्या तिरोडे गावचे. नेताजींच्या सरकारात त्यांना स्थान होते आणि पुढे स्वतंत्र भारतात ते केंद्रात उपमंत्री झाले. म्हणजे आंबोली घाटाच्या वरची पोरे जपान्यांशी झुंजत होती आणि घाटाखालचा माणूस जपान्यांच्या बरोबरीने दिल्लीकडे निघालेल्या फौजेचा कारभार पाहत होता. यांतला देशभक्त कोण आणि भाडोत्री कोण, असला हिशोब त्या पिढीने मांडला नाही.

त्या पिढीचे मन किती मोठे होते, याचा पुरावा नौदलातच सापडतो. फेब्रुवारी १९४४ मध्ये ‘जमना’ या हिंदी युद्धनौकेने दोन ऑस्ट्रेलियन जहाजांच्या साथीने विशाखापट्टणमजवळ आरओ-११० ही जपानी पाणबुडी बुडवली. दोनच वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९४६ ला, त्याच हिंदी नौदलाच्या खलाशांनी मुंबईत बंड पुकारले. अन्नाच्या, पगाराच्या तक्रारी होत्याच. पण त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद फौजेच्या कैद्यांना सोडा, ही मागणीही होती. जपानी पाणबुड्यांच्या भीतीखाली ज्यांनी रात्री काढल्या, त्याच नौदलाची पोरे नेताजींच्या सैनिकांसाठी इंग्रजांच्या बंदुकांसमोर उभी राहिली. जपानी आरमार काय चीज आहे हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. तरीही नेताजींवरचे त्यांचे प्रेम तसूभर कमी झाले नाही. त्यांना दोन्ही गोष्टी एका मनात ठेवता आल्या. आपल्याला का जमू नये?

इथे काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटली असेल. तिलावाची गोष्ट काढून नेताजींच्या नावाला बट्टा लावायचा आहे काय? मुळीच नाही. तिलावा बुडाली तेव्हा नेताजी बर्लिनमध्ये होते. त्या टॉर्पेडोशी त्यांचा काडीचा संबंध नाही. कोणती पाणबुडी पाठवायची, हे जपानी आरमाराने ठरवले. आपल्या देशाला मदत करील त्याच्याशी हातमिळवणी करायची, हा नेताजींचा निर्णय होता आणि त्याची किंमत त्यांना माहीत होती. ती किंमत काय होती, हे कळल्याने निर्णय लहान होत नाही, उलट त्याचे वजन समजते. ज्या पाणबुडीतून नेताजी पुढच्या लढ्याकडे निघाले, तिने मुंबईची माणसे मारलेली होती, हे कळल्यावर नेताजी किती कठीण वाटेने चालले होते ते ध्यानात येते. टाळ्यांच्या भाषणातून ते येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की युद्धात हे चालायचेच. अर्धे खरे आहे. तिलावा निःशस्त्र रुग्णालय-जहाज नव्हते. तिच्यावर तोफची होते, ती शत्रूच्या कंपनीची होती, पोटात सरकारी चांदी होती. पण व्यापारी जहाज बुडवण्याआधी त्यावरची माणसे सुरक्षित जागी काढावीत, हा नियम १९३६ च्या लंडन करारात होता आणि जपाननेही तो मान्य केला होता. तो पाळला कुणीच नाही. जर्मनीने नाही, जपानने नाही, आणि पर्ल हार्बरनंतर जपानच्या बोटी दिसतील तिथे बुडवा असा हुकूम काढणाऱ्या अमेरिकेनेही नाही. तेव्हा जपानला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हा खटाटोप नाही. आणि हेही नमूद करायला हवे, की आय-८ या पाणबुडीने मार्च १९४४ मध्ये डच बोट ‘चिसालाक’वरून वाचलेल्यांची जी कत्तल केली, तसला आरोप आय-२९ च्या तिलावा-प्रकरणात नाही. दुसरा टॉर्पेडो मात्र आहे, आणि माणसे परत बोटीवर चढल्यावर तो आला, हेही आहे.

गंमत अशी, की तिलावाची आठवण जगाला पुन्हा झाली ती माणसांमुळे नव्हे, चांदीमुळे. समुद्राच्या तळाशी, अडीच किलोमीटर खोल पडलेल्या त्या विटा २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने वर काढल्या. मग मालक कोण यावरून इंग्लंडच्या कोर्टात दक्षिण आफ्रिका सरकार विरुद्ध कंपनी असा खटला उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. चांदी सरकारी की व्यापारी मालाची, तिला सार्वभौमत्वाचे कवच मिळते की नाही, यावर पानेच्या पाने लिहिली गेली. त्याच तळाशी असलेल्या २८० जणांचा त्या वादात प्रश्नच नव्हता. त्यांच्यासाठी धडपडले ते त्यांचे वारसदार. घटनेला ८० वर्षे झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, परदेशातून आलेल्या आणि इथल्या कुटुंबांनी मुंबईत जमून जाहीर श्रद्धांजली वाहिली. त्या कार्यक्रमाची बातमी मराठी वाचकांपर्यंत कितपत पोहोचली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

मग करायचे काय? फार काही अवघड नाही. पहिली गोष्ट शिक्षकांच्या हातात आहे. २३ जानेवारीच्या भाषणात पाणबुडीचे नाव घ्यावे आणि चार वाक्ये तिलावाची घालावीत. बारा वर्षांच्या मुलाला हे पेलत नाही, असे मानायचे कारण नाही. ज्या मुलाला एकाच तारखेचे दोन मोर्चे आपल्याच शहरात दिसतात, त्याला एका पाणबुडीच्या दोन फेऱ्या नक्की समजतील.

दुसरी गोष्ट संस्थांची. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, म्हणजे सतरा दशकांहून जुने. इथे वर्षभर व्याख्याने होतात, नेताजींवरही होतात. एखादे वर्ष सांगशाक, सांबरा, मुरगाव आणि तिलावा या चार विषयांना द्यावे. मराठा केंद्रातले निवृत्त अधिकारी शहरातच राहतात. त्यांच्या शेजारी आझाद हिंद फौजेचा अभ्यासक बसवावा आणि श्रोत्यांना प्रश्न विचारू द्यावेत. कुणाच्या भावना दुखावतील म्हणून कार्यक्रम गुळमुळीत करू नये.

तिसरी गोष्ट घरोघरची, आणि तिला वेळ कमी आहे. सावंतवाडी, वेंगुर्ले, रत्नागिरी, बार्देश, साष्टी या पट्ट्यात बोटीवर गेलेल्या आजोबा-पणजोबांचे कागद अजून ट्रंकेत असतील: नोकरीचा दाखला, कंपनीचे पत्र, पोस्टाची तार. बेळगावात स्थायिक झालेल्या कोकणी आणि गोव्याच्या घरांतही ते निघू शकतात. ‘१९४२ साली बोटीवर गेला तो परत आलाच नाही’ एवढेच ज्या घरात माहीत आहे, तिथे बोटीचे नाव आणि तारीख शोधायला हवी. उतारूंच्या वारसांनी आपापली नावे जुळवत आणली आहेत. कर्मचाऱ्यांच्या बाजूचे काम कोकण, गोवा आणि सीमाभाग मिळून करू शकतात. वाचनालयाने एक वही उघडावी, त्या कागदांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत करावेत. पुढच्या २३ नोव्हेंबरपर्यंत त्या वहीत दहा नावे आली, तरी कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.